आधी कडी-कोयंडा पाहा, मग कॅमेरा

चोरीच्या भीतीने घराला कॅमेरा लावायचा विचार करताय, पण कॅमेरा चोर दाखवतो, थांबवत नाही. बंद घरं अनेकदा कडी-कोयंडा तोडूनच फोडली जातात, म्हणून सुरुवात दारापासून करा.

कोयंडा चार छोट्या स्क्रूंवर असेल तर कटावणीच्या एका हिसक्यात तो लाकडासकट उपटून येतो. कुलूप कितीही महाग असलं तरी मग काय उपयोग? स्क्रू काढून ८ मिमीचे गोल माथ्याचे बोल्ट दारातून आरपार घाला. आतल्या बाजूला रुंद वॉशर आणि नट. बाहेरून पकडायला काहीच उरत नाही. त्याहून बरं म्हणजे दाराच्या आत बसणारं कुलूप. बाहेर लटकणारं कुलूप घरात कोणी नाही हे सगळ्या जिन्याला सांगतं.

नाइट लॅच असेल तर नुसतं दार ओढून निघू नका, चावी पूर्ण फिरवा. नुसती स्प्रिंगवरची जीभ प्लॅस्टिकच्या पट्टीनेही सरकते. चौकटीतल्या ज्या लोखंडी पट्टीत ही जीभ अडकते, तिचे स्क्रू काढून पाहा, बहुधा अर्ध्या-पाऊण इंचाचेच निघतील. तिथे अडीच इंची घाला, पण आधी बारीक ड्रिल मारा, नाहीतर जुनं सागवान चिरतं.

सेफ्टी डोअर बाहेर उघडत असेल तर बिजागरीच्या पिना बाहेरच राहतात. त्यांना वेल्डिंगचा टाका मारून घ्या.

खिडक्यांना ग्रिल हवंच. मात्र एका ग्रिलला आतून कुलपाची झडप ठेवा, चावी हाताशी. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच.