हॉस्पिसच्या बागेत नव्याने येणारीला

आलीस ते बरं झालं. हॉस्पिस म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटची शेवटच्या दिवसांत काळजी घेणारी जागा. आधी खाटेच्या उंचीवरून खिडकीबाहेर बघ, पेशंटला तेवढंच दिसतं. झाडं त्या हिशोबाने लाव.

डिसेंबरात मोगऱ्याचं पाणी तोड, जानेवारीत छाटून शेणखत घाल. मार्चपासून कळ्या धरतील. रातराणी मात्र खिडकीपाशी नकोच. मी हौसेने लावली होती. उग्र वासाने एका आजींना मळमळायला लागलं, आठवड्यात उपटली.

झेंडूचं बी दसऱ्याच्या ८०-९० दिवस आधी टाक. पावसाळ्यात फरशीवरचं शेवाळ घासत राहा, व्हीलचेअर घसरते.

कुणा पेशंटने 'हे कधी फुलेल?' विचारलं, तर महिना सांगत बसू नकोस. आज उमललेलं काहीतरी दाखव. कात्री खिशात असू दे, फूल तोडून हातात दिलं तरी चालतं.