वेठ, सोबत आणि ‘ते’

ऐरोलीहून तुम्ही विचारलंय: कादंबरीतल्या एकट्या बाईच्या घरी बोलता-चालता रोबो आहे, ती हळूहळू त्याच्यात गुंतते. त्याला साथीदार म्हणू, सहचर की सोबती? आणि ‘तो’ म्हणू की ‘ते’?

साथीदार तेवढा नको. ‘चोरटा आणि त्याचे दोन साथीदार पसार’ या बातम्यांनी तो शब्द पार नासवलाय. जोडीदार म्हटलं की वधूवर सूचक मंडळ आठवतं. सहचर अर्पणपत्रिकेत ठीक, स्वयंपाकघरात अवघडतो. माझं मत सोबतीला.

‘सोबत’ मूळचा अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आलेला; पण मराठीत त्याला स्वतःची छटा आली. लहानपणी नौपाड्यात शेजारच्या काकूंचे यजमान वागळे इस्टेटला रात्रपाळीला गेले की आई मला काकूंकडे ‘सोबतीला’ झोपायला पाठवायची. मी आठ-नऊ वर्षांचा. चोर आला असता तर काय दिवे लावले असते कोण जाणे, पाठ टेकली की मी ढाराढूर. तरी काकूंना निवांत झोप लागायची. मदतीला आलेला काम आटोपलं की जातो. सोबतीला आलेल्याला काम नसतंच, त्यानं उजाडेपर्यंत नुसतं असायचं.

रोबो मात्र जन्मापासून कामाला जुंपलेला. हा शब्द जगाला दिला कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकानं. सुचवला होता त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे सक्तीची चाकरी. आपल्याकडे तिला नेमका शब्द आहे: वेठ, संस्कृत ‘विष्टि’वरून आलेला. तेव्हा रोबोचं अस्सल मराठी नाव ‘यंत्रमानव’ नव्हे, ‘वेठ्या’ व्हायला हवं होतं! (गंमत म्हणजे त्याच नाटकाच्या शेवटी दोन रोबो एकमेकांवर जीव लावतात.) तुमची बाई वेठ्या विकत आणते आणि तिला सोबत हवी असते. ‘रोबो सोबती’ या जोडशब्दात हा पेच आपोआप येतो, तो सोडवायला जाऊ नका.

आता लिंग. बोलताना आपण सरसकट ‘रोबो बिघडला’ म्हणतो, कारण मागे ‘यंत्रमानव’ आहे. ‘ते’ म्हटलं की नुसतं यंत्र उरतं, असं तुम्हाला वाटतंय. तसं नाही. लेकरू, पाखरू, वासरू सगळी ‘ते’च, कडेवर घ्यावंसं वाटतं ते मराठीत बऱ्याचदा नपुंसकलिंगीच असतं. मी असतो तर सुरुवात ‘ते’नंच केली असती.

पुढची सोय इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिळणार नाही. आपल्याकडे नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका अजून आहेत. ‘ते घरी नाहीत’ म्हटलं की ते कोण, हे विचारावं लागत नाही. वस्तूचं ‘ते’ आणि नवऱ्याचं ‘ते’ लिहायला एकच, फरक फक्त क्रियापदात पडतो. पहिल्या प्रकरणात दारावरच्या कुरिअरवाल्याला बाई सांगते, ‘ते चार्जिंगला लावलंय.’ शेवटाकडे शेजारीण बेल वाजवते, तेव्हा बाई दार अर्धवट उघडून हळू आवाजात म्हणते, ‘ते झोपलेत.’