फिटर झालेला मुलगा डेअरीत काय करणार?

सप्रेम नमस्कार ताई,

पलूस तालुक्यातून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा सरकारी आयटीआयमधून फिटर, म्हणजे यंत्रं जोडण्या-दुरुस्तीचा ट्रेड पास झाला. गावापासून जवळच्या दूध प्रकल्पात मेंटेनन्स विभागात वर्षभराच्या अप्रेंटिसशिपसाठी त्याची निवड झाली, आणि त्याच आठवड्यात चाकणच्या एका कंत्राटदाराने जवळजवळ दुप्पट पैशांचं काम देऊ केलं. दीर म्हणतात, दोन वर्षं फिटर शिकून आता दुधाच्या पिशव्या भरायच्या का? ट्रेड वाया जाईल का, वर्षानंतर ठेवून घेतील का, दूध थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतल्या अमोनिया वायूची भीती खरी का आणि डिप्लोमाचं काय, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं मत आधीच सांगते. त्याला डेअरीत जाऊ द्या. फक्त हजर होण्याआधी काही गोष्टी पक्क्या करून घ्या, त्या पुढे लिहिते.

दिरांची शंका मी समजू शकते. आपल्या भागात डेअरी म्हटलं की संकलन केंद्र, कॅन आणि फॅटचं मशीन डोळ्यांसमोर येतं. भिलवडी, वारणानगर, गोकुळ शिरगाव इथले मोठे प्रकल्प आपण रस्त्यावरून पाहतो, आत काय चालतं ते दिसत नाही. पिशव्या भरणं हे पॅकिंग विभागाचं काम. तुमच्या मुलाला पिशवी भरणारं मशीन चालू ठेवायचं आहे, आणि त्या मशीनपर्यंत दूध पोचवणारं सगळं जाळंही.

एक पाश्चरायझर, म्हणजे दूध तापवून त्यातले जंतू मारणारं यंत्र घ्या. कच्चं दूध पातळ स्टीलच्या प्लेटांमधून जातं, 72 अंशांपर्यंत तापतं आणि एका ठरावीक लांबीच्या नळीतून 15 सेकंद वाहतं. नळीच्या टोकाला तापमानाचा सेन्सर असतो. तापमान कमी पडलं की एक व्हॉल्व्ह आपोआप वळतो आणि ते दूध पुढे न जाता मागच्या टाकीत परत येतं. आता विचार करा, त्या व्हॉल्व्हचं सील झिजलं किंवा सेन्सर दोन अंश जास्त दाखवायला लागला तर? दूध पांढरंच दिसेल, पिशवी नेहमीसारखीच भरेल, आणि नीट न तापलेलं दूध कुणाच्या तरी घरी लहान मुलाच्या पेल्यात जाईल. म्हणून तिथल्या फिटरला गळती थांबवली म्हणजे काम झालं असं म्हणता येत नाही. प्लेटांच्या एका बाजूला कच्चं दूध असतं आणि दुसऱ्या बाजूला तापवलेलं. तापवलेल्या बाजूचा दाब मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे प्लेटला बारीक छिद्र पडलं तरी कच्चं दूध चांगल्यात मिसळत नाही. ही समज ज्या मुलाच्या हातात आणि डोक्यात एकदा बसते, तो पुढे कुठल्याही कारखान्यात नुसता पाना फिरवणारा राहत नाही.

याशिवाय दुधाला थांबता येत नाही. सकाळ-संध्याकाळ टँकर येतच राहतात, सुट्टी असो वा सण. पंप बंद पडला तर उद्या बघू म्हणायची सोय नसते. अशा ठिकाणी मूल लवकर तयार होतं. बॉयलर आणि वाफेच्या लाइन, अमोनियाचे कॉम्प्रेसर, बर्फाच्या पाण्याची टाकी, दुधातली साय वेगळी करणारा क्रीम सेपरेटर, दुधातली चरबी बारीक करून एकजीव करणारा होमोजिनायझर, कॉम्प्रेस्ड एअर, मशीन आपोआप चालवणारा छोटा संगणक म्हणजे पीएलसी, मोटरचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह, एवढं सगळं एका कुंपणाच्या आत क्वचितच शिकायला मिळतं. क्रीम सेपरेटरचा बाउल मिनिटाला हजारो फेरे घेतो. तो उघडल्यावर आतल्या तबकड्या क्रमाने आणि खुणेला खूण जुळवून बसवाव्या लागतात, नाहीतर तोल जातो. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये फाइल म्हणजे कानस मारून लोखंडाचा तुकडा चौरस करण्यात जी शिस्त लागली, तीच इथे कामाला येते.

काही सवयी मात्र नव्याने लावून घ्याव्या लागतील. दुधाशी संबंध येऊ शकेल तिथे फूड ग्रेडचंच ग्रीस. काम संपलं की नट, वॉशर, ब्लेडचा तुकडा मोजून परत घ्यायचा. एक वॉशर सापडत नसेल तर लाइन सुरू होत नाही, आणि ते सांगायला लाजायचं नाही. पाइप जोडताना कोपऱ्यात दूध साचून राहील अशी जागा ठेवायची नाही, कारण कॉस्टिक आणि ॲसिडचं सीआयपी, म्हणजे पाइप न उघडता आतून होणारी धुलाई, तिथपर्यंत पोचत नाही.

आता चाकणबद्दल. तिथल्या एखाद्या चांगल्या वाहन कंपनीने रीतसर अप्रेंटिसशिप दिली असती, तर मलाही निवड करणं जड गेलं असतं. पण तुम्ही लिहिता ते कंत्राटी काम आहे. अशा कामात मुलाला बहुतेक वेळा एकाच स्टेशनवर उभं करतात. खोलीभाडं आणि मेस वजा केल्यावर हातात किती उरतं, ते कागदावर मांडून पाहा. आणि वर्ष संपल्यावर त्याच्याकडे दाखवायला शिकल्याचा कागद नसेल.

डेअरीतल्या अप्रेंटिसशिपचा कागद मिळतो, पण करार शिकाऊ उमेदवार कायदा, 1961 खाली नोंदवलेला असेल तरच. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर मुलाची नोंदणी करा, आणि करार त्याच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसतो का ते पाहा. ट्रेड 'फिटर' लिहिलाय का, मुदत किती, विद्यावेतन किती, हे वाचा. नुसतं 'ट्रेनी' म्हणून पत्र दिलं असेल तर ती अप्रेंटिसशिप नाही. करार नोंदला असेल तर वर्षाअखेर अखिल भारतीय ट्रेड टेस्ट देता येते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं.

पैशांचं खरं चित्रही सांगते. 2019 च्या नियमांनी आयटीआय झालेल्या मुलासाठी किमान विद्यावेतन दरमहा 7,000 रुपये ठरवलं. कंपनी त्याहून जास्त देऊ शकते, तुम्हाला 9,000 सांगितलेत ते त्या आकड्याहून जास्त आहेत. सरकारी योजनेतून त्यातला काही वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो, म्हणून खातं आधारशी जोडलेलं हवं. पीएफ, ईएसआय लागू नसतं, कारण कायद्याने तो कामगार नसून शिकाऊ आहे. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मात्र मालकाचीच असते. घर जवळ आहे, जेवण घरचं आहे, म्हणून हे वर्ष तुम्हाला निभावून नेता येईल असं वाटतं.

ठेवून घेतील का? कायदा त्यांना तशी सक्ती करत नाही, आणि तोंडी आश्वासनावर विसंबू नका. पण 2014 च्या दुरुस्तीनंतर अप्रेंटिस पूर्ण केलेल्या मुलांना नोकरीत घेण्याबाबत प्रत्येक मालकाने आपलं धोरण ठरवायचं असतं. मुलाने एचआरला सरळ विचारावं, की तुमचं धोरण काय आहे आणि मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत? असं विचारणं उद्धटपणाचं नाही. आणि इथे नाही घेतलं तरी वाफ, थंडावा आणि स्टीलच्या लाइन ओळखणाऱ्या फिटरला आपल्या पट्ट्यातले साखर कारखाने, आइस्क्रीम आणि शीतपेयांचे प्रकल्प, नाशिककडच्या वायनरी, गोव्यात फोंडा-डिचोलीचे खाद्य कारखाने, शिवाय औषध कंपन्याही आहेत.

अमोनियाची भीती खरी आहे, ती खोटी म्हणून तुम्हाला शांत करणार नाही. तो डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतो. पण त्याचा वास फार थोड्या प्रमाणातही येतो, त्यामुळे बहुतेक वेळा सावध व्हायला वेळ मिळतो. पहिल्याच दिवशी मुलाने बघून घ्यावं, की मास्क कुठे टांगलेत, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी कुठे आहे, बाहेर पडायचा रस्ता कोणता. गळती झाली तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचं, वासामागे शोधायला जायचं नाही. गरम कॉस्टिक अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याखाली धरायचं. आणि चालू मशीनमध्ये हात घालायला कुणीही, अगदी सुपरवायझरने सांगितलं तरी, नाही म्हणायचं. आधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. हे तुम्ही आई म्हणून त्याला सांगा, तुमचं तो ऐकेल.

दर दोन-तीन महिन्यांनी विभाग बदलून मिळेल का, हेही आधी विचारावं. वर्षभर एकाच पॅकिंग मशीनवर ठेवलं तर मी वर लिहिलेलं अर्धं हाती लागणार नाही. तसं होतंय असं दिसलं तर मेंटेनन्सच्या इंजिनिअरशी नम्रपणे बोलावं, तरीही नाही जमलं तर जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवारी कार्यालयाकडे जावं.

डिप्लोमा नंतर करता येतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा मार्ग आहे, आणि कारखाना पाहिलेल्या मुलाला तिथले विषय हलके जातात. शिकायचं नसेल तर बॉयलरवर अनुभव घेऊन बाष्पके संचालनालयाची बॉयलर अटेंडंटची परीक्षा द्यावी, किंवा स्टेनलेस स्टीलचं टिग वेल्डिंग, म्हणजे पातळ पाइपांचे सफाईदार सांधे करणारं वेल्डिंग, हातात बसवावं. टिगवाला चांगला फिटर कुठलीही डेअरी सहजासहजी सोडत नाही.

हजर व्हायची तारीख तुम्ही पुढच्या सोमवारची लिहिली आहे. त्याआधी करार पोर्टलवर दिसला नाही तर त्याने जरूर जावं, पण कंत्राटदाराला लगेच नकार कळवू नका. करार दिसला की त्याची प्रत काढून घरात ठेवा, आणि मग चाकणला नाही म्हणून सांगा.

तुमची,
करिअर मार्गदर्शक