बाळंतपणात बाळाच्या हाताची नस दुखावली, ऑपरेशन करावं का?

बाळ दोन महिन्यांचं आणि उजवा हात लुळा, असं तुम्ही लिहिलंय. घाबरू नका, पण दिवस मोजत राहा. बहुतेक बाळांची नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) नुसती ताणलेली असते, ती आपोआप भरून येते. तोवर फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि प्रत्येक लंगोट बदलताना कोपर अंगाला टेकवून हात हळूच बाहेर वळवा. खांदा एकदा आखडला की सोडवणं फार जड जातं.

खरी खूण कोपराची. ३ महिन्यांपर्यंत बाळ हात तोंडाकडे नेऊ लागलं, तर सहसा नसेच्या ऑपरेशनची गरज पडत नाही. ३ ते ६ महिन्यांतही कोपर वाकत नसेल, तर बाळाच्याच पोटरीची नस काढून दुखावलेल्या नसेला जोड देतात. नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते, म्हणून उशीर नको.

पंजाही हलत नसेल किंवा त्याच बाजूची पापणी उतरलेली असेल, तर ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) बघणाऱ्या सर्जनना याच आठवड्यात दाखवा.