चिमूटभर मीठ आणि विषावरचा उतारा

प्रश्न : एका विक्रेत्याच्या दाव्यावर आमच्या साहेबांनी मेलमध्ये लिहिलं, ‘टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.’ याचा नेमका अर्थ काय? खाल्ल्या मिठाला जागण्याशी याचा काही संबंध आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काहीच नाही. मिठाला जागण्यात निष्ठा आहे, इथे सावधपणा आहे. समोरच्याचं म्हणणं झटकून टाकू नका, पण हातचं राखून ऐका, एवढंच साहेबांना सांगायचं आहे. विक्रेता म्हणाला, गाडी लिटरला २५ किलोमीटर देते; तर ऐकून घ्या, पण महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब त्या आकड्यावर मांडू नका. धादांत खोट्या गोष्टीसाठी मात्र हे वापरू नये, कारण बोलण्यात थोडंफार तथ्य आहे हे यात धरलेलं असतं. आपल्याकडे तिखटमीठ लावलं की बातमी फुगते. इंग्रजीत मिठाने तिचा फुगवटा उतरतो.

या शब्दांचा माग रोमन लेखक थोरल्या प्लिनीपर्यंत जातो. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इ.स. ७९ मध्ये तो गेला. त्याच्या ३७ भागांच्या ज्ञानकोशातल्या २३व्या भागात एक कृती आहे. पॉन्टसचा राजा सहावा मिथ्रिडेटीस याचा पराभव झाल्यावर रोमन सेनापती पॉम्पीला राजाच्या खासगी टिपणांत, त्याच्याच अक्षरात, विषावरचा उतारा सापडला : दोन सुके अक्रोड, दोन अंजीर आणि सतापाची वीस पानं एकत्र कुटायची, त्यात मिठाचा एक कण घालायचा. अनशापोटी घेतलं की त्या दिवशी कुठलंच विष बाधत नाही, असा दावा. (करून पाहू नका. सतापाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येतात, आणि गर्भवतींनी तर तो पोटात घेऊच नये.)

नीट वाचलं तर प्लिनीच्या ओळीत शंका कुठेच नाही. मीठ तिथे निव्वळ औषधाचा घटक आहे. संशयाचा अर्थ त्याला पुढे युरोपात चिकटला. इंग्रजीत तो १६४७ साली जॉन ट्रॅप या धर्मोपदेशकाच्या बायबलवरील भाष्यात दिसतो. मिठाने न उतरणारा घास उतरतो, म्हणून हा वाक्प्रचार आला, असंही सांगतात. ते पटकन पटतं, पण ‘मिठाचा कण’ हे नेमके शब्द प्लिनीकडेच भेटतात, म्हणून आमचा कौल त्याला.

प्रश्न : ‘ग्रेन’ बरोबर की ‘पिंच’?
– एक वाचक, पणजी

उत्तर : दोन्ही. ‘ग्रेन’ जुना, अमेरिकेत आजही तोच चालतो. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात ‘पिंच’ रुळला. क्रियापद मात्र ‘टेक’च हवं; ‘ॲड’ लिहिलंत तर ती पाककृतीतली सूचना होते. आणि ज्याच्या म्हणण्याबद्दल लिहिताय, त्याला त्या मेलची प्रत जाणार नाही एवढं बघा. त्याला तो उघड अविश्वास वाटेल.