कपड्यात माया ठेवा
लहान मुलांच्या कपड्यांच्या व्यवसायाबद्दल वाचकांचे प्रश्न

सांगलीहून एक दुकानदार विचारतात: तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येणाऱ्या मालावर 'ऑरगॅनिक' लेबल असतं. दुकानाच्या पाटीवर '१०० टक्के पर्यावरणपूरक' लिहू का?

नका लिहू. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली आहेत. मोघम शब्द वापरला तर तो नेमका कशाला लागू आहे ते सांगावं लागतं आणि पुरावाही हाताशी ठेवावा लागतो. 'गॉट्स' या ऑरगॅनिक कापडाच्या जागतिक मानकाच्या लेबलवर परवाना क्रमांक असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर पडताळून पाहा. पुरवठादार बहुधा कारखान्याचं प्रमाणपत्र दाखवतो. तुम्ही मात्र तुमच्या मालाचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, म्हणजे त्याच खेपेचं प्रमाणपत्र मागा. 'ओको-टेक्स स्टँडर्ड १००' असेल तर ते घातक रसायनांच्या चाचणीचं लेबल आहे, त्याचा अर्थ ऑरगॅनिक नव्हे. तरी तान्ह्या बाळाच्या आईला त्याचंच मोल जास्त वाटेल, कारण तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्याचे निकष सर्वांत कडक आहेत. ते तिला नीट समजावून सांगा.

नाशिकहून एक ताई लिहितात: मी घरी झबली, फ्रॉक शिवून ऑनलाइन विकते. चांगलं कापड आणि चांगली रंगाई घेतली की किंमत वाढते. ग्राहक म्हणतात, 'चार महिन्यांत तोकडं होणार, एवढे पैसे कशाला?'

ताई, ग्राहकाचं म्हणणं खरं आहे, आणि तुमच्या ब्रँडची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. आपल्या आया 'वाढत्या अंगाचे' कपडे शिवून घ्यायच्या. बाजारातला एखादा स्वस्त फ्रॉक उलटा करून बघा. ओव्हरलॉकच्या टिपेला लागून कापड कापलेलं असतं, माया, म्हणजे शिवणीबाहेर आत सोडलेलं जादा कापड, नावालाही नसते. तुम्ही बाजूच्या शिवणीत पाऊण इंच माया सोडा. घेराला आतून दोन इंच कापड दुमडलं जाईल अशी आडवी चून घालून कच्ची टीप मारा. टीप उसवली की फ्रॉक दोन इंच लांब होतो आणि मूल आणखी एक हंगाम तो घालतं. खांद्याच्या पट्टीला एकाऐवजी दोन बटणं लावा. जाहिरातीत 'शाश्वत' हा शब्दही नको, टीप उसवतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाका. कापड आधी आटवून घ्यायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच धुण्यात तुमचे दोन इंच जातील.

रंगाईत मात्र काटकसर करू नका. तिरुपूरच्या रंगाईच्या सांडपाण्याने नोय्यल नदी नासली आणि २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले कारखाने बंद करायला लावले. पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचा खर्च रंगाईच्या दरात येणारच. कोणी फारच स्वस्त दर सांगितला, तर त्याचं पाणी कुठे जातं हे विचारा.

ठाण्याहून प्रश्न: 'बांबूचं कापड' नैसर्गिक म्हणून विकावं का?

ते बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा धागा काढतात. कापड मऊ असतं, जरूर विका, पण 'बांबूपासून केलेलं व्हिस्कोस' असंच लिहा.

पुण्याहून एक दांपत्य: दुकानात वापरलेल्या कपड्यांचा कोपरा सुरू करायचा आहे. लोकांना कमीपणा वाटेल का?

बारशाच्या आधी बाळाला कुणाचं तरी वापरलेलं झबलं आणि आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं आपणच आवर्जून घालतो, कारण ते मऊ असतं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आपल्या दारात येत होती. अमेरिकेतल्या हॅना अँडरसन या मुलांच्या कपड्यांच्या कंपनीने १९८०च्या दशकातच वापरलेले कपडे परत घेऊन पुढच्या खरेदीत सूट द्यायला सुरुवात केली होती. कपडे परत घेण्याइतके टिकतात, ही त्यांची जाहिरातच झाली.

तुम्ही सुरुवातीला फक्त स्वतः विकलेला माल परत घ्या. बटणं, इलॅस्टिक, काखेतली शिवण तपासा, धुऊन इस्त्री करा आणि नव्या मालाशेजारीच टांगा. मागच्या खोलीत ठेवलात तर ग्राहकाला कमीपणा वाटेलच. कोणता कपडा कुठे फाटून येतो याची वही ठेवा आणि पुढची ऑर्डर देताना ती पुरवठादारासमोर उघडा.