अल्बम : पांढऱ्यावरचे काळे

प्रश्न असा आहे : अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमन यांच्या १९६५ च्या ‘द पॉल सायमन साँगबुक’विषयी लिहिताना ‘पदार्पणाचा एकल अल्बम’ म्हणावे का, आणि ‘अल्बम’ हा परका शब्द टाळून ‘गीतसंग्रह’ म्हटले तर चालेल का?

‘एकल’विषयी वाद नाही. एक गळा आणि एक गिटार एवढ्याच सामग्रीवर लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या बारा गाण्यांना एकल म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? ‘पदार्पण’ मात्र तिथून काढून टाकावे. पद अर्पण करणे म्हणजे पाऊल ठेवणे, आणि उंबरठा पहिल्यांदा एकदाच ओलांडता येतो. क्रिकेटच्या वार्तांकनाने या शब्दाला अशी चटक लावली आहे, की कसोटीतले पदार्पण, एकदिवसीय सामन्यातले पदार्पण, मायदेशातले पदार्पण अशी एकाच खेळाडूची चार-चार पदार्पणे आपण निमूटपणे वाचतो. सायमन यांनी शाळासोबती आर्ट गारफंकल यांच्याबरोबर ‘टॉम अँड जेरी’ या नावाने १९५७ मध्येच, शाळकरी वयात, तबकडी काढली होती. ‘सायमन आणि गारफंकल’ या नावाने दोघांचा पहिला अल्बम १९६४ चा आहे. तेव्हा १९६५ चा हा ‘पहिला एकल अल्बम’, एवढेच म्हणावे.

आता ‘अल्बम’. हल्ली एखाद्या गायकाने चित्रपटाबाहेरचे एकच गाणे चित्रफितीसह प्रसिद्ध केले, तरी त्याला ‘अल्बम साँग’ आणि पुढे नुसते ‘अल्बम’ म्हणतात. लग्नाच्या वरातीत वाजणारे चार मिनिटांचे गाणे म्हणजे ‘अमक्याचा नवा अल्बम’, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की हा प्रश्न आला नसता तरी याविषयी लिहिलेच असते. वहीच्या एका पानाला कोणी वही म्हणत नाही; मग एका गाण्याला अल्बम कसे म्हणता?

वहीचे उदाहरण मी सहज दिलेले नाही. लॅटिनमध्ये ‘आल्बुस’ म्हणजे पांढरा आणि ‘आल्बुम’ म्हणजे पांढरी केलेली फळी. रोममध्ये न्यायाधिकाऱ्यांचे जाहीरनामे आणि मुख्य पुरोहिताने नोंदवलेल्या वर्षभरातील घडामोडी अशा फळीवर लिहून लोकांसमोर लावल्या जात. सिनेटच्या सदस्यांच्या यादीलाही हेच नाव होते. लिहिण्याला आपण ‘पांढऱ्यावर काळे करणे’ म्हणतो, आणि त्यातले पांढरे तेवढे रोमनांनी नाव म्हणून उचलले, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. या दोन भाषांत देवघेव झाली, असा माझा दावा नाही. पण दोन दूरच्या समाजांना लेखनात आधी कोरी पांढरी जागाच दिसावी, हे मला कोणत्याही धातुसाधित व्युत्पत्तीपेक्षा अधिक मोलाचे वाटते. सोळाव्या शतकात जर्मन विद्यार्थी गुरूंचे आणि मित्रांचे हस्ताक्षर, एखादे वचन, एखादे चित्र कोऱ्या वहीत घेऊ लागले, आणि त्या वहीलाही लॅटिनमध्ये ‘आल्बुम आमिकोरुम’, म्हणजे मित्रांची वही, म्हणत. छायाचित्रांचा अल्बम हा तिचाच वारस.

गाण्यांकडे हा शब्द वळला तो मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांमुळे. त्यांच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटांहून अधिक संगीत मावत नसे, म्हणून मोठ्या रचनेसाठी अनेक तबकड्या लागत; त्या कागदी पाकिटांत घालून पुस्तकासारख्या बांधणीत विकल्या जात, आणि दिसायला तो थेट छायाचित्रांचा अल्बमच असे. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली आणि अख्खे पुस्तक एका तबकडीत मावू लागले. बांधणी गेली, पण नाव टिकले. काळ्या तबकडीला पांढऱ्या फळीचे नाव! बीटल्सच्या १९६८ च्या शुभ्र वेष्टनातल्या अल्बमला लोक ‘व्हाइट अल्बम’ म्हणतात, तेव्हा मला आपला ‘पिवळा पीतांबर’ आठवतो.

म्हणूनच ‘गीतसंग्रह’ मला पटत नाही, मग तो परिभाषेच्या कोणत्याही यादीत असो. संग्रह कोणीही, केव्हाही, कशाचाही करतो; अल्बमला बांधणी लागते. त्यापेक्षा ‘गीतसंच’ बरा, आणि सायमन यांनी स्वतःच मुखपृष्ठावर ‘साँगबुक’ लिहिल्यामुळे इथे तर ‘गीतवही’ही शोभेल. इंग्रजीत ‘साँगबुक’ हा शब्द रुळलेलाच आहे, तेव्हा योगायोग म्हणा. पण तबकडीतून नाहीसे झालेले पुस्तक त्यांनी शीर्षकात परत आणले, हे मी सोडणार नाही. वेष्टनावरच्या टिपणात त्यांनी लिहिले आहे, की ही गेल्या दोन वर्षांतली गाणी आहेत आणि त्यांतली काही आपण आज लिहिली नसती. अशी कबुली माणूस जुनी वही उघडल्यावर देतो.

१९७२ च्या ‘पॉल सायमन’ या अल्बमला त्यांचा पहिला एकल अल्बम म्हणणारे समीक्षक अजूनही भेटतात. ‘साँगबुक’ तेव्हा फक्त ब्रिटनमध्ये निघाला होता, अमेरिकेत तो १९८१ मध्ये एका संचातून आला आणि स्वतंत्र सीडी २००४ मध्ये मिळाली, ही त्यांची सबब मला ठाऊक आहे. पण अमेरिकेच्या दुकानात नव्हता म्हणून तो अल्बम झालाच नाही, हे कसले गणित? त्यातल्या बारांपैकी दहा गाणी सायमन आणि गारफंकल यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेल्या अल्बमांत आहेत. उरलेल्या दोन गाण्यांपैकी ‘द साइड ऑफ अ हिल’चे शब्द बदलून ते ‘स्कारबरो फेअर’ या लोकगीताच्या जोडीला दुसरा स्वर म्हणून गुंफले गेले, त्या स्टुडिओ अल्बमांबाहेर सर्वस्वी राहिले ते ‘अ चर्च इज बर्निंग’ एवढेच.